मँचेस्टर, जुना कप आणि डिकीतलं कुलूप

करंदीकर काकांचा फोन आला तेव्हा मी लंडनच्या हाउन्सलोमधल्या एका सायकलच्या दुकानात कुलूप निवडत होते. सायकल माझ्याकडे नाही. कुलूप आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी हवं होतं, आणि ते कशाला हे पुढे सांगणारच आहे, कारण ही सगळी पोस्ट त्या कुलपामुळेच लिहिली जातेय. काका म्हणाले, "मीनल, दोन दिवस काढ. माझे गुडघे चालतायत तोवर मला फुटबॉलचं माहेर बघून घ्यायचंय. गाडी तुझी, पेट्रोल माझं."

काका म्हणजे आमच्या मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ विश्वस्त. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त डॉक्टर, राहायला एजवेअरला. तरुणपणी पुण्याहून इकडे आले तेव्हा पहिली नोकरी उत्तरेकडच्या एका गिरणगावाच्या हॉस्पिटलमध्ये होती, फुटबॉलचं वेड तिथूनच लागलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण निखिलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, त्या शनिवारी क्रिकेटची मॅच होती, आमची मुलगी रेवा त्याच्याबरोबर जाणार होती, आणि मला ऑफिसपासून लांब कुठेही चालणार होतं. हो म्हटलं आणि कुलूप घेऊन बाहेर पडले. चांगलं जाड, रबराचं आवरण असलेलं.

आता कुलपाचं. गणपतीच्या रविवारी आम्ही एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतो. अडीचशे-तीनशे माणसं येतात, आरती होते, मग महाप्रसाद. जेवणाची कूपनं आधी घ्यायची, ती पुढच्या दाराशी दाखवायची. पण हॉलला एका बाजूला, कार पार्ककडे उघडणारं दोन पानांचं एक दार आहे, आडव्या दांडीला ढकललं की उघडणारं. बाहेरून ते उघडत नाही, पण आपली माणसं मोठ्या मनाची. कुणीतरी काचेवर टकटक करतं, आतून कुणीतरी दार उघडतं, "अगं ये ना, आमच्याबरोबरच आहे ती." अशा आमच्याबरोबरच असलेल्यांनी दोन वर्षांपूर्वी शेवटच्या पंगतीचा मसालेभात संपवला. बोलणी कुणाला बसली? हॉलची जबाबदारी माझी, म्हणजे मलाच. म्हणून गेल्या वर्षी मी दोन्ही दांड्यांमधून सायकलची साखळी ओवली आणि कुलूप घातलं. जेवण पुरून उरलं, मंडळाच्या सभेत टाळ्या वाजल्या. ती साखळी कुठेशी हरवली, म्हणून यंदा नवीन. हीथ्रोजवळच्या मालवाहतूक कंपनीत मी दिवसभर कुठली पेटी कुठल्या विमानात जाईल ते ठरवते. शिस्त लावणं हा माझा आवडता उद्योग आहे, हे मी नाकारत नाही.

शनिवारी सकाळी सातला एजवेअरला पोचले. काकूंनी मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं आणि चहाचा थर्मास दिला. त्यांना आमच्याबरोबर यायचं नव्हतं, गवत बघायला दोनशे मैल कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. काका सीटबेल्टशी झटापट करत असताना त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, की उद्या ते ज्या गावी थांबायचं म्हणतील तिथे घाई करू नकोस. मला वाटलं, गुडघ्यांबद्दल बोलतायत.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी: एजवेअरहून एम वन मोटरवे दोन मिनिटांवर आहे, पुढे एम सिक्स. बर्मिंगहॅमजवळ टोलचा रस्ता घ्या, पैसे पडतात पण जीव शांत राहतो. सर्व्हिसेसवर, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यांवर, फक्त बाथरूमसाठी थांबा, तिथल्या सँडविचच्या किमतीत घरी चार माणसं जेवतील. आम्ही पराठे गाडीतच खाल्ले आणि साडेअकराच्या सुमारास मँचेस्टरच्या अलीकडे पोचलो. गाडी शहरात नेऊ नका. ट्रामच्या शेवटाकडच्या एखाद्या स्टॉपजवळ हॉटेल घ्या, गाडी तिथेच ठेवा आणि ट्राममधून या. रिकाम्या ट्राममध्ये काका खिडकीशी बसले होते आणि वीस वर्षांनी तरुण दिसत होते.

रस्ताभर त्यांनी मला फुटबॉल शिकवला. दीडशे वर्षांपेक्षा जास्त झाली, म्हणाले, पहिला कप सुरू झाला तेव्हा जेमतेम पंधरा संघांनी नावं दिली. बहुतेक खेळाडू बड्या शाळांतून शिकलेले, खाऊनपिऊन सुखी. पहिली फायनल झाली ती लंडनच्या क्रिकेटच्या मैदानावर. स्कॉटलंडहून एक संघ आला, बरोबरीत खेळला, आणि परत येऊन खेळायला भाड्याचे पैसे नाहीत म्हणून निघून गेला. मग गिरण्यांना शनिवारी दुपारची सुट्टी मिळायला लागली आणि खेळ उत्तरेकडे सरकला. दहा-बारा वर्षांत विणकर, प्लंबर असल्या लोकांच्या संघानं तो कप उचलून नेला. पुढे वर्षभर चालणारी लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात लंडनचा एकही संघ नव्हता. हे सांगताना काकांचा आवाज असा चढला की जणू फायनलचा गोल त्यांनीच मारला होता.

मँचेस्टरच्या म्युझियममध्ये तीन तास गेले. मी तासाभरात कंटाळेन असं वाटलं होतं, पण चोरीची गोष्ट ऐकून जागीच थांबले. तो पहिला कप एका दुकानाच्या खिडकीत मांडून ठेवला होता, तिथून चोरीला गेला आणि पुन्हा कधी मिळालाच नाही. आपण एवढं काचेला नाक लावून बघतो ती नक्कल. मला हे फारच आवडलं.

त्यापेक्षा आवडलं ते जुनं फिरतं फाटक. लोखंडी, कमरेएवढं, एका वेळी एकच माणूस आत घेणारं. काका म्हणाले, सुरुवातीला मैदानं उघडीच असायची, फार तर कडेनं दोरी. गर्दी वाढली, तिकीट आलं, तिकिटाबरोबर लाकडी कुंपण आलं आणि कुंपणाबरोबर हे. मी त्या फाटकाचा दांडा ढकलून बघितला, कट्ट असा आवाज झाला. म्हटलं, काका, आपल्या गणपतीला असलं एक मिळालं तर बहार येईल. काका पोट धरून हसले.

संध्याकाळी एका पबमध्ये चीज-कांद्याचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली कचोरीसारखी पेस्ट्री, चिप्स आणि त्यावर तपकिरी ग्रेव्ही खाल्ली. शाकाहारी असाल तर ग्रेव्ही कशाची आहे ते विचारा, आमची कांद्याची निघाली. तिथे मी काकांना नव्या कुलपाबद्दल सांगितलं. डिकीत आहे, उद्या दाखवते म्हटलं. काका म्हणाले, "गेल्या वर्षीची व्यवस्था फर्स्ट क्लास होती. दरवर्षी ते दार तूच बघ." मी खूश. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघांनाही ते आठवलं.

रविवारी सकाळी काकांनी त्या गावाचं नाव काढलं. ते मी इथे लिहीत नाहीये. तिथे जी बाई भेटली तिनं विनंती केली होती, की गावाला लोक आता एवढ्याच एका गोष्टीसाठी ओळखतात, तेव्हा नाव नको. मँचेस्टरहून तासाभराचा रस्ता. मोटरवे संपला की उजाड टेकड्या, दगडी भिंती, मेंढ्या, आणि मग एकदम उतारावर घरांच्या काळपट रांगा. काकांची पहिली नोकरी याच गावातली. हॉस्पिटलच्या एका पोर्टरनं त्यांना शनिवारी मॅचला न्यायला सुरुवात केली. थंडीत उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि अनोळखी माणसांबरोबर ओरडायचं, त्यामुळे मी त्या गावात टिकलो, म्हणाले. मग सीट मागे करून डोळे मिटले. मला वाटलं दमले असतील.

मैदान आता नाही. तिथे विटांची नवी घरं आहेत, दारात मुलांच्या सायकली. मधोमध एक छोटी बाग, दगडी फळ्यावर नावं, आणि बागेच्या टोकाला दोन पानांचं एक जुनं लाकडी फाटक नुसतंच उभं. दोन्ही बाजूंना भिंत नाही, काही नाही. शेजारच्या चर्चच्या खोलीत फोटो लावलेत, ती खोली रविवारी अकरा ते दोन उघडी असते. तिकीट नाही, डब्यात वाटेल ते टाका.

खोली सांभाळत होती मॉरीन नावाची साठीच्या घरातली बाई. तिनं आम्हाला चहा दिला, काकांना खुर्ची दिली आणि मलाच सांगायला लागली, कारण काका भिंतीकडे बघत होते. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रेक्षकांचा जुना लाकडी स्टँड, शनिवारची मॅच. फळ्यांखाली वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला. कुणाची तरी सिगारेट खाली पडली आणि धूर यायला लागला. आग म्हणावी अशी मोठी नव्हतीच, बादल्यांनी विझली. पण धूर दाट होता. लोक जिथून आत आले होते तिकडे, मागच्या फाटकाकडे पळाले. फाटकाला कुलूप होतं.

मी विचारलं, कुलूप का?

मॉरीननं अगदी सहज सांगितलं. इंटरव्हलनंतर फाटक उघडं ठेवलं की लोक बिनतिकिटाचे आत यायचे. आधी आतून कडी असायची, पण आतले लोक आपल्या मित्रांसाठी ती काढायचे, "हा आमच्याबरोबर आहे" म्हणून. मग क्लबनं साखळी आणि कुलूप घातलं. ते काम ज्या माणसाकडे होतं तो भलताच काटेकोर, एक माणूस फुकट आत येऊ द्यायचा नाही. क्लबनं त्याचं कौतुक केलं होतं.

माझ्या हातात चहाचा मग होता. तो मी खाली ठेवला. मॉरीनच्या तोंडून मी माझ्याच मंडळाच्या सभेचा वृत्तांत ऐकत होते. शब्दसुद्धा तेच. आमच्याबरोबर आहे.

पुढचं ऐकायची माझी इच्छा नव्हती, पण उठून जाताही येईना. फाटक आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि पुढच्या माणसांना मागे सरता येईना. किल्ली त्या माणसाच्या खिशात नव्हती, ऑफिसमधल्या खुंटीवर होती. तो बाहेरच्या बाजूनं आला आणि हातांनी साखळी ओढत राहिला. कुणीतरी किल्ली आणली तेव्हा आतला आवाज थांबला होता. आगीनं एकही माणूस गेला नाही. दगडावर जी नावं आहेत ती सगळी फाटकापाशी, गर्दीत गुदमरून गेली.

"तो माणूस म्हणजे माझे वडील," मॉरीन म्हणाली. "वाईट नव्हते ते. सांगितलेलं काम त्यांनी नीट केलं होतं."

चौकशीत दोष क्लबच्या व्यवस्थेला दिला गेला, वडिलांना कुणी शिक्षा केली नाही. पण त्यानंतर त्यांनी घरात एकही दार लावू दिलं नाही. बाथरूमचंसुद्धा नाही. मॉरीनची आई थंडीत कोट घालून झोपायची. ते गेल्यावर मॉरीननं ही खोली चालवायला घेतली. काही घरांतले लोक अजून तिच्याशी बोलत नाहीत, आणि ते त्यांचं बरोबर आहे असं तिला वाटतं.

मला एकच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर मला आठवत होतं, हेच भयंकर होतं. गेल्या वर्षी माझ्या कुलपाची किल्ली कुठे होती? माझ्या पर्समध्ये. आणि पर्स कुठे होती? आरतीच्या वेळी मठ्ठ्याला दही कमी पडेल असं लक्षात आलं, म्हणून मी गाडी काढून सुपरमार्केटला गेले होते. पर्स घेऊन. पाऊण तास. आत तीनशे माणसं, पडदे, थर्माकोलचं मखर, दोन समया, ताटभर कापूर. माझी सात वर्षांची रेवा पहिल्या रांगेत टाळ वाजवत होती. आणि मी रांगेत दह्याचे डबे घेऊन उभी.

काका उठून बाहेर गेले होते. मी गेले तेव्हा ते त्या सुट्या फाटकासमोर उभे होते. फाटकाच्या लाकडावर आतल्या बाजूनं ओरखडे आहेत. जास्त लिहीत नाही.

गाडीत बसल्यावर काका बोलले. इतक्या वर्षांत काकूंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणाले. "त्या दिवशी मी कॅज्युअल्टीत होतो. भाजलेला एकही पेशंट आला नाही, मीनल. कपडे स्वच्छ, अंगावर जखम नाही, आणि माणूस गेलेला. मला कळेचना आपण काय करायचं."

मी विचारलं, त्या मॉरीनच्या वडिलांना तुम्ही पाहिलं होतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. हात सोलवटलेले खूप जण आले होते, काकांनी कितीतरी हातांना पट्ट्या बांधल्या, त्यात मॉरीनचे वडील होते की नाही देव जाणे. त्यानंतर काका मैदानावर कधी गेले नाहीत, टीव्हीवरच बघतात. टेकड्या संपून मोटरवे लागला तेव्हा ते म्हणाले, "मला वाटायचं, हे माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. आणि गेल्या वर्षी मी तुझ्या त्या साखळीशेजारी उभा राहून मसालेभात खाल्ला. वर तुझं कौतुक केलं."

या वाक्यानं मी जितकी हादरले तितकी मॉरीनच्या गोष्टीनंही हादरले नव्हते. मला माहीत नव्हतं, असं मी तरी म्हणू शकते. काकांनी ती माणसं हातांनी उचलली होती. आणि तरी साखळी दिसली तेव्हा त्यांना शिस्त दिसली, दार दिसलं नाही. मग बाकीच्यांचं काय? सर्व्हिसेसवर थांबलो तेव्हा मी डिकी उघडली, कुलूप बघितलं आणि बंद केली. काकांना दाखवायचं राहिलं ते राहिलंच.

सोमवारी ते दुकानात परत करायला गेले. दुकानदारानं विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का कुलपात. म्हटलं, नाही, माझ्याकडे सायकल नाहीये.

मंडळाची सभा पुढच्या रविवारी होती. मी बाजूचं दार उघडं राहील म्हणून सांगितलं तेव्हा जेवणाची व्यवस्था बघणारी पल्लवी वैतागली. तिचंही चुकत नव्हतं, भात कमी पडला की बोलणी आता तिला बसणार. ती म्हणाली, एक दिवस तर प्रश्न आहे, आणि गेल्या वर्षी काही झालं का? उत्तर काकांनी दिलं. त्यांनी त्या गावातल्या त्या शनिवारची सगळी हकीकत सांगितली, शांतपणे, केस सांगावी तशी. चहाचे कप तसेच राहिले. पल्लवी रडली. मग तिनं डोळे पुसून विचारलं की दारावर माणूस कोण बसवायचा, कारण आरती सोडून कुणी तिथे बसणार नाही. काका म्हणाले, मी बसेन.

आणि बसले. गेल्या आठवड्यात गणपती झाला. बाजूच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, सिल्कचा झब्बा घालून, गुडघ्यांवर शाल घेऊन काका पूर्ण चार तास बसले होते. आरती त्यांनी तिथूनच म्हटली. काचेवर टकटक झाली की उठून दार उघडायचे आणि कूपन विचारायचे. नसलं तर पुढच्या दारानं जा म्हणायचे, आणि समोरचा हसून आत शिरलाच तर शिरू द्यायचे. मी हॉलभर फिरून सगळी दारं ढकलून बघितली. मुंबईला आईला फोन केला तेव्हाही पहिलं हेच विचारलं, की तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते. आईला माहीत नव्हतं. मी तिला वॉचमनकडे पाठवलं, त्यालाही माहीत नव्हतं. ते भांडण अजून चालू आहे.

जेवण अर्थातच कमी पडलं. शेवटच्या पंगतीला मसालेभात नाही, श्रीखंड नाही, नुसतं वरण-भात आणि कोशिंबीर. काकांचं ताट मी बाजूला काढून ठेवलं होतं, तेही त्यांनी एका बाळंतिणीला देऊन टाकलं. पानं उचलताना एक ओळखीचे गृहस्थ माझ्यापाशी आले. रागावले नव्हते, आपलं समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "गेल्या वर्षी व्यवस्था चांगली होती हो."

मी म्हटलं, "गेल्या वर्षी नशीब चांगलं होतं."

त्यांना ते काही कळलं नाही. मुलाला कडेवर घेऊन ते गाडीकडे निघाले, बाजूच्याच दारानं. काका उठून उभे राहीपर्यंत त्यांनी कोपरानं दांडी ढकलली, आणि दार उघडलं.